नापास काड्यांचा डबा

— नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू! पातेलं दिसत नाही का, ओलं फडकं टाकलेलं? पीठ आहे त्यात. फुगतंय म्हणे. फुगू दे, या घरात आज तेवढंच एक फुगतंय, बाकी सगळ्यांचे चेहरे बसलेत. तिकडे त्या स्टुलावर टेका. डुगडुगतं जरा, पण तुम्ही मशीन दुरुस्त करणारे, तुम्हाला काय, तोल सांभाळायची सवय असेल. आणि एकदा सांगितलं ना, ती घरात नाही. चीज संपलं, आणायला गेलीय कोपऱ्यावर. येईल. तुम्ही वेळेआधी आलात ही तुमची चूक, तिची नाही. दिवेलागणीला या म्हणून बोलावणं आणि माणूस उन्हाचा दारात उभा — का, तर मदत करायला आलो! कसली मदत? मी आहे ना इथे. मला बसवून गेलीय ओव्हनसमोर. ‘बाबा, वरून सोनेरी झाल्या की काढा, आणि कोणी आलं तर उगाच काही बोलू नका.’ दोन कामं सांगितलीत. पहिलं करतोय.

काय आहे ओव्हनमध्ये? चीजच्या काड्या. ब्रेडस्टिक म्हणायचं, काड्या म्हटलं की तिला लाज वाटते. पण काडीच ना ती? लांब, बारीक, टोकाला जळकी — काडी नाही तर काय पालखीचा दांडा? आणि तिचं सोवळं किती! दूध कोमट करा, फार गरम नको, फार गार नको, त्यात ते यीस्ट सोडा, चिमूटभर साखर घाला आणि मग बसा त्याच्याकडे टक लावून, फेस आला का, आला का — जसं काही आत कोणाचं बाळंतपण चाललंय आणि आपण बाहेर बाकावर. मग मैदा, मीठ, लोणी, मळा, आपटा, झाका. चांगलं टम्म फुगलं की ठोसा मारून खाली बसवा. मी विचारलं, अगं बसवायचंच होतं तर फुगवलं कशाला? मग लाटा, अर्ध्या भागावर चीज किसून पसरा, लसूण चोळा, कसला तो सुका पाला भुरभुरवा, उरलेलं अर्धं वरून पांघरा, सुरीने पट्ट्या कापा, आणि मग एकेक पट्टी दोन टोकांना धरून पिळा, धुतलेला लेंगा पिळावा तशी. एवढी कुस्ती. आणि खाणारे कोण? तिच्या शिवणखात्यातल्या बायका. माझा थोरला मुलगा येणार, सूनबाई येणार, वरच्या मजल्यावरची ती सतत पडसं झालेली बाई येणार. एका हातात कागदाचा पेला धरून उभ्या उभ्या दुसऱ्या हाताने काडी तोंडात घालणार आणि म्हणणार, अय्या, घरी केल्यास? विकत मिळतात की गं! झालं. पार्टी झाली.

मी? मी कशाला करीन? ओ मशीनवाले, तुमचाही तोच गैरसमज दिसतोय. सगळ्या गल्लीला वाटतं, म्हातारा सगळी नोकरी पावाच्या कारखान्यात होता, म्हणजे याला पाव करता येत असणार. अजिबात नाही. मी आयुष्यात पिठाला हात लावला नाही. शाळा अर्ध्यात सुटली, कारखान्यात चिकटलो, आणि त्यांनी मला जो पट्ट्याच्या शेवटी उभा केला तो निवृत्तीपर्यंत तिथेच. भट्टीतून पाव निघणार, गार होत होत पट्ट्यावरून सरकत येणार, आणि मी उभा. वाकडा — काढ. करपला — काढ. बसका — काढ. बाजूला भोक पडलंय — काढ. मागे क्रेट असायचा, त्यात टाकायचं. बस्स, एवढंच काम, पण तयार नजर लागते त्याला. ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही ते. आणि चांगला पाव? चांगल्या पावाचं काय करायचं असतं? काही नाही. त्याला हातच लावायचा नाही, तो आपला जातो पुढे. चांगल्याकडे बघत बसलात तर पुढचा वाईट निसटतो. त्यामुळे खरं सांगायचं तर मला चांगला पाव दिसतो कसा हे आठवतच नाही. वाईट मात्र सगळे आठवतात.

हो, तोच. तो डबा नापासांचा. सकाळपासून भरतोय. ही बघा — पीळ सुटलाय. ही बघा — एका टोकाला अंगठ्याएवढी, दुसऱ्या टोकाला उंदराची शेपटी. हिच्यातलं चीज ओघळून ट्रेला चिकटलं, ओढून काढली तर पोट फाटलं तिचं. ती ट्रे काढते, ताटात मांडते, मी एकेक उचलतो आणि डब्यात टाकतो. ती नवा गोळा घेते. म्हणून तर चीज संपलं. ताट? ताट रिकामंच आहे, बघताय काय त्यात? अजून एकही पास झालेली नाही. — घ्या की एक डब्यातली, तोंड का वाकडं करता, नापास आहे, विषारी नाही. आम्ही नापासच खात आलोय. कारखान्यातून सुटताना कामगारांना क्रेटमधले पाव घरी न्यायची मुभा होती, त्यावरच तर पोरं वाढली माझी. वाकडे, बसके, करपट. ही लहान असताना एकदा मैत्रिणीकडे वाढदिवसाला गेली, आणि घरी येऊन धापा टाकत मला सांगते, बाबा, त्यांच्याकडचा पाव चौकोनी असतो! हसता काय? मी नाही हसलो तेव्हा. हिची आई हसली होती. हसून मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तुम्ही बोलत नाही फार. ठीक आहे. पण असं समजू नका की मला काही कळत नाही. त्या शिलाई मशीनचंच घ्या. हिच्या आईच्या वेळचं मशीन, कधी म्हणून कुरकुरलं नाही. तुम्ही पहिल्यांदा आलात, कसली तरी सुई बदलून, तेल घालून गेलात. आणि तिथून जी त्याला दृष्ट लागली! आज दोरा तुटतोय, उद्या पट्टा घसरतोय, परवा पायडल रडतंय. एवढं आजारी मशीन मी जन्मात पाहिलं नाही. आणि या माझ्या डोळ्यांनी बघितलंय हं — ती मशीनचं झाकण उघडून, जीभ बाहेर काढून, स्वतःच्या हाताने आतला स्क्रू सैल करत होती. एवढी मोठी बाई! केसात पांढरं आलंय! मी दारात उभा होतो, तिला दिसलो नाही. मी आलो तसा मागे फिरलो. मग तुम्ही येणार, तासभर खाटखूट करणार, चहा पिणार, आणि जाताना म्हणणार, पुन्हा आवाज आला तर सांगा. अहो, कारागिराने असं म्हणावं का? कारागिराने म्हणायचं, आता आवाज येणार नाही! तुमचं ते वाक्य ऐकलं आणि मी ओळखलं की मामला मशीनचा नाही.

दुसरी घेतलीत? घ्या, घ्या. — काय? हिच्यात काय खोट आहे? नीट बघा ना, मशीनचे एवढे बारीक स्क्रू दिसतात तुम्हाला, हे दिसत नाही? रंग बघा. या बाजूला खरपूस, त्या बाजूला फिकी, आजारातून उठल्यासारखी. म्हणून काढली. — आणि ती? ती… ती आखूड आहे. इतरांपेक्षा. बोटभर. असेल, बोटभर नसेल, अर्धं बोट असेल. पण ताटात ठेवली की डोळ्याला टोचणारच ना. तुम्हाला टोचणार नाही, तुमची नजर तयार नाही. — हीसुद्धा? हिचं काय विचारता, हिला… थांबा, आठवतो. काहीतरी होतं. काहीतरी असल्याशिवाय मी काढली नसती.

तुम्ही आमच्या सुपरवायझरसारखे करताय. एक होता, मान पुढे काढून चालायचा, आम्ही त्याला कोंबडा म्हणायचो. तो कधीही न सांगता यायचा, माझ्या मागच्या क्रेटमध्ये हात घालायचा आणि एखादा पाव उचलून सगळ्यांसमोर ओरडायचा, याला काय धाड भरली होती? का काढलास? सांग! आणि सांगावं लागायचं. नाही सांगता आलं तर मानहानी सगळ्या पाळीसमोर. अस्सा राग यायचा त्याचा! आम्ही भांडायचो, पार शिव्यांवर यायचो, मग तो जायचा आणि मी पुढचे पाव जरा नीट बघायचो. तो निवृत्त झाला तेव्हा कोणी त्याच्या निरोपाला गेलं नाही. मी गेलो होतो. का गेलो कोण जाणे, खायला काहीतरी असेल. — घरी मात्र असला कोंबडा नव्हता, नशीब माझं. हिच्या आईने कधी विचारलं नाही, का बाजूला सारलंत म्हणून. मी सारलं की ती ताट उचलून न्यायची. पोरीने चित्र काढून आणलं, मी म्हटलं घोड्याचे पाय आखूड आहेत, तिने कागद घडी करून ठेवून दिला. पुढे तिला बघायला माणसं आली. एक टपालात होता, हसला की हिरड्या दिसायच्या. काढ. एक मास्तर होता, बोलताना टेबलावर बोटं वाजवायचा, माझं डोकं उठलं. काढ. एकाचा आवाज बायकी, काढ. कोणी म्हणून विचारलं नाही, का काढलंत? ना तिने, ना तिच्या आईने. सगळं कसं शांततेत झालं. भांडण नाही, तंटा नाही. लोकांच्या घरात काय काय चालतं! आमच्या घरात आवाज चढला नाही कधी.

आजही तसंच. सकाळी मी नाही म्हटलं आणि ती नुसती — अं? कसलं नाही?

हं.

म्हणजे तिने तुम्हाला काहीच… नाही ना सांगितलं. बरोबर, पाहुणे गेल्यावर सांगते म्हणाली होती. जाताना दारापर्यंत सोडायला जाईन आणि तेव्हा सांगेन, असं म्हणाली. आता मीच बरळलो. तिने बजावलं होतं काही बोलू नका म्हणून — पण तुम्ही लवकर आलात कशाला? घरात येऊन बसायचं, एकेक काडी उचलून जाब विचारायचा, मग माणसाच्या तोंडातून निघणारच. बसा, बसा खाली, उठता कशाला? ते स्टूल पडेल. आता ऐकलंच आहे तर पूर्ण ऐका. ही पार्टी शिवणखात्यातल्या बायकांसाठी वगैरे काही नाही. ती तुमच्यासाठी होती. मागे एकदा जेवताना मला म्हणाली, बाबा, त्यांनी मला विचारलंय. मी विचारलं कोणी, जसं काही मला माहीतच नाही. म्हणाली, मशीनवाल्यांनी. तुम्ही हो म्हणालात तर सगळ्यांना घरी बोलावून सांगू. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला, मी तुमच्या मनाविरुद्ध काही करणार नाही. मी तेव्हा ना हो म्हटलं ना नाही, तिने हो धरून बोलावणी केली आणि दुसऱ्या दिवसापासून घरात या काड्यांचा कारखाना सुरू! कारण काय, तर साहेबांना चहाबरोबर असलं काहीतरी खारं, चिजाचं आवडतं. असं तुम्ही कधी बोलून गेलात म्हणे. तुम्हाला आठवतही नसेल. तिने मात्र ते धरून ठेवलं.

आणि आज सकाळी मी म्हटलं, नाही. इथेच, या ओट्यापाशी. ती पट्टी पिळत होती, दोन टोकं दोन हातात. पिळतच राहिली. तुटली नाही पट्टी. ‘बरं’ म्हणाली. बरं! पट्टी ट्रेमध्ये ठेवली, दुसरी उचलली. अगं विचार तरी, का नाही? लाटणं आपट, भांडं फेक, म्हण की म्हाताऱ्या, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय! काही नाही. बरं. मी उभा राहिलो वाट बघत. मग मीच काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, पीळ सैल झालाय तुझा. तर त्यावरही — बरं. मला असा राग आला म्हणून सांगू! तेव्हापासून मी एकही काडी ताटात राहू दिलेली नाही. एकही! बघू कधी तोंड उघडते. नाही उघडलं. चीज संपलं म्हणाली, पिशवी घेतली आणि गेली. दुकान हे इथे, कोपऱ्यावर. चीज आणायला इतका वेळ लागतो का? गर्दी असेल. या वेळेला असते गर्दी. — नसते म्हणता? तुम्हाला काय माहीत, तुम्ही कधी चीज आणलंय? गर्दी असेल.

काय पुटपुटलात? मोठ्याने बोला, मला या कानाने कमी येतं.

तुमच्यात काय खोट आहे, असं विचारताय?

अरेच्चा! क्रेटमध्ये हात घातलाच म्हणायचा. सांगतो की. न सांगायला काय झालं? एक म्हणजे तुम्ही बिजवर. — हो, मान्य, ती गेली त्यात तुमचा काय दोष, माझीही गेलीच की. राहू दे ते. दुसरं, टक्कल. आता टकलाने कोणाचं काय बिघडतं म्हणा, उलट तेल वाचतं. तिसरं, तुम्ही बोलत नाही. हे एक वेळ बरं आहे, ऐकणारं माणूस घरात असावं. हात काळे — ते ग्रीसने, कामाचे हात आहेत, नखं मात्र कापलेली असतात तुमची, बघितलंय मी. चपला दारात जोडीने काढून ठेवता, आमचा थोरला अजून एक इकडे एक तिकडे फेकतो. ही काही खोट नाही. थांबा. होतं काहीतरी. असणारच. मी उगाच काढत नाही कोणाला. तुम्ही… तुम्ही आल्यावर ती घाई करते. म्हणजे जिन्यात तुमचा पाय वाजला की ती माझ्या कपात चहा अर्धाच ओतून पळते. रोज नाही, पण पळते. आणि एकदा का तुम्ही तिला घेऊन गेलात की…

काही नाही. पट्टा बंद पडला की शेवटी उभा असलेला माणूस काय करतो, बघितलंय का कधी? सगळ्यांना काम असतं. मळणारा मळतो, भट्टीवाला भट्टी साफ करतो. शेवटचा नुसता उभा असतो. पुढून काही येतच नाही. काढणार काय?

असं तोंड करू नका. मी काही रडगाणं गात नाहीये, कारखान्याचं सांगतोय. — कुठे? तुमच्या घरी? तळमजल्याची खोली? माझ्यासाठी? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मी मागितली होती? रंग पण लावून घेतलात! कोणता? पिवळा? पिवळ्या खोलीत मी राहू, अंड्याच्या बलकात बसल्यासारखा? खिडकी कुठल्या बाजूला आहे? रस्त्याकडे. म्हणजे धूळ. नाही हो, मी या घरातून हलणार नाही, तुमचा रंग वाया गेला. — ती रोज येईल म्हणता? रोज येईन असं थोरलाही म्हणाला होता, वेगळा झाला तेव्हा. सूनबाई तर म्हणाली होती, दोन्ही वेळा डबा पाठवते. पहिल्या आठवड्यात आला डबा. मी म्हटलं, आमटी — ते पातळ काय होतं ते, अळणी आहे. मग बंद झाला. तुम्ही पण म्हणाल आणि — कसला वास हा?

अहो! काड्या! राहिल्या की आत! धूर बघा! बाजूला व्हा, माझा गुडघा — अहो, उघड्या हाताने काय धरताय, अहो जावई, फडकं घ्या, फडकं, हात भाजेल! त्या पातेल्यावरचं घ्या, राहू दे पीठ उघडं! — ठेवा, ठेवा तिथे ओट्यावर. खिडकी उघडा. बोट नळाखाली धरा. फुंकर काय मारताय लहान पोरासारखी, नळाखाली धरा.

काय म्हणालो? कोणाला? मी काही म्हणालो नाही. धूर गेलाय तुमच्या कानात.

कोळसा झाला. एकही सुटली नाही. आयुष्यभर करपलेले काढले, आणि आज नाकासमोर करपल्या तर कळलं नाही मला. तुमच्यामुळे. बोलत बसवलंत. — हसू नका! तुम्ही हसताय ते मला ऐकू येतंय, तेवढा कान शाबूत आहे. या तिने सकाळच्या त्या… त्या ‘बरं’नंतर, उरलेलं शेवटचं चीज घालून पिळल्या होत्या, एकही पट्टी तुटली नव्हती. ओळखू येत नाहीत आता. पाहुणे येतील आणि ताट हे असं, टकलासारखं. माफ करा, तुम्हाला नाही म्हटलं. पातेल्यातलं पीठ आहे, चीज येईल, पण त्याचं फुगणं, बसणं, पिळणं होईपर्यंत माणसं कागदाचे पेले चावतील.

काय करताय? डबा कशाला उचललात? — नाही. नाही म्हणतो ना. काढलेलं परत ताटात जात नाही. — मग सांगू काय तुम्हाला, का काढली? पीळ सुटला होता. हो, थोडासाच. ठेवा मग. ही? ही वाकडी आहे, दिसतंय ना — बरं, अशी फिरवून ठेवली तर नाही दिसत. ठेवा. ती आखूड मधे घाला, कडेला नको. आणि ही, पोट फाटलेली, ही नको, ही खरंच वाईट आहे, ही माझ्याकडे द्या. द्या म्हणतो ना. मी खातो.

……

काय बघताय? खातोय. तोंडात असताना बोलायचं नसतं.

……

दुसरी द्या. नाही, ताटातली नको, त्या पाहुण्यांच्या. डब्याच्या तळाला एक आहे, ती. सकाळपासून एवढ्या काढल्या, तोंडात एक नव्हती घातली. कारखान्यात खाऊन बघायची पद्धत नव्हती, डोळ्यांनीच बघायचं. खाऊन बघितलं असतं तर… जाऊ दे. लसूण जरा पुढे आलाय. म्हणजे येऊ दे. असू दे पुढे.

थांबा — खालचं दार वाजलं. तीच. पिशवी घेऊन चढते ती, एका पायरीवर जड, एका पायरीवर हलकी. ओळखतो मी. ऐका, झटकन ऐका. दारातल्या चपला उचला आणि या मागच्या दाराने निघा, गच्चीकडून दुसरा जिना आहे, त्याने खाली उतरा. कोपऱ्यावर दोन फेऱ्या मारा. दिवे लागले की पुढच्या दाराने या, बेल वाजवा, तिला उघडू द्या. तिने नवीन कपडे काढून ठेवलेत पलंगावर, मी बघितलेत, घालणार नव्हती ती सकाळनंतर. घालेल. ती तुम्हाला दारात काही सांगायला लागली ना, पाहुणे गेल्यावर सांगते म्हणून, तर ऐकून घेऊ नका. म्हणा, आधी बाबांकडे जाऊन येतो. मी बोलेन. तिच्याशी आत्ता बोलेन, आधी, ती पिशवी ठेवते तेवढ्यात. काय बोलायचं ते जुळवतोय मी, मला सवय नाही, काढायची वाक्यं सगळी पाठ आहेत, हे वेगळं आहे. आणि पिवळ्या खोलीचा विषय आज नको. तो रंग आपण नंतर बघू. ‘आपण’ म्हणजे — काही नाही, निघा. आणि ते बोट तिला दाखवू नका, घाबरेल. जा, जा, उभे काय राहता, कडी वर आहे, वर! आणि मिशी पुसा हो, चीज लोंबतंय.